वाचकांचे प्रश्न : आठवणीवर तारीख नसते तेव्हा

मानसिक आघाताविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली, कारण तिथे ‘काय करा’ यापेक्षा ‘कसं करा’ हे सांगणं गरजेचं होतं.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण अजूनही कुणी करकचून ब्रेक दाबला की काळजात धस्स होतं, हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, किती दिवस तेच धरून बसणार? मी मनानं कमकुवत आहे का?

उत्तर : नाही. धरून बसणं किंवा सोडून देणं आपल्या हातात असतं, तर तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात सोडलं असतं.

रोजच्या आठवणी मेंदूत नीट बांधून ठेवलेल्या असतात. कुठे घडलं, कधी घडलं, आधी काय, नंतर काय, ही बांधाबांध प्रामुख्यानं हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. म्हणून गेल्या वर्षीचं भांडण आज आठवलं तरी ते गेल्या वर्षीचं आहे, हे आठवतानाच कळत असतं. जिवावर बेततं तेव्हा मात्र अ‍ॅमिग्डाला, म्हणजे मेंदूतली धोक्याची घंटा, ताबा घेते. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, डोळे-कान धोक्यावर खिळतात आणि बांधाबांध अर्धवट राहते. मागे उरतात सुटे तुकडे : टायर घासल्याचा आवाज, पेट्रोलचा वास, पोटात पडलेला खड्डा, गळ्याला काचलेला सीटबेल्ट. या तुकड्यांवर तारीख नसते. त्यामुळे आज रस्त्यात कुणी ब्रेक दाबला की मेंदूच्या लेखी अपघात आत्ता, या क्षणी सुरू होतो. (मेंदूचं काम इतकं सरळ कप्प्यांत वाटलेलं नसतं हे खरं, पण पुढचे उपाय समजायला एवढं चित्र पुरतं.) आठवण राहणारच आहे. तिच्यावर तारीख पडावी, एवढंच उपचारांचं काम.

घटनेनंतरचे पहिले ३-४ आठवडे दचकणं, झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं. तो आजार नव्हे. महिना उलटल्यावर मात्र चार गोष्टी पाहायच्या. घटना नको असताना आठवते का, स्वप्नात येते का? ती आठवू नये म्हणून रस्ते, माणसं, विषय टाळले जातात का? स्वतःविषयी किंवा जगाविषयी मन काळवंडलंय का, पूर्वी जीव रमायचा ते नकोसं झालंय का? आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखं आहे का : चिडचिड, दचकणं, झोप न लागणं? चारही प्रकारची लक्षणं असतील आणि त्यापायी काम किंवा घर विस्कटत असेल, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार) म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हे नाव घातलं. त्याआधीच्या युद्धांत अशी लक्षणं दिसणाऱ्या सैनिकांना बऱ्याचदा भेकड ठरवलं जाई. तुमच्या घरी आज जे ऐकू येतंय, त्याचंच ते जुनं रूप.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो आणि त्यांतल्या साधारण ५.६ टक्के लोकांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक जण आपोआप सावरतात. जे सावरत नाहीत त्यांच्यात ताकद कमी असते असं नाही. प्रसंग किती भीषण होता, आधी काय सोसलेलं होतं आणि नंतर जवळच्यांनी कसं वागवलं, यांचा वाटा मोठा असतो. यातलं शेवटचं घरच्यांना वाचून दाखवा. आठ महिने झालेत; ‘काळ हेच औषध’ म्हणत आणखी थांबू नका, तपासून घ्या.

प्रश्न : प्रसंग आठवून छाती धडधडू लागली की काय करावं? एक व्हिडिओ बघून डोळे मिटून दीर्घ श्वास घेतले, तर गुदमरल्यासारखंच झालं. बोटांना मुंग्या आल्या, आणखी घाबरलो.

उत्तर : व्हिडिओत दोन गोष्टी चुकल्या. पहिली, डोळे मिटणं. निवांत माणसाला त्यानं शांत वाटतं. पण तुमच्या समोरची खोली नाहीशी झाली की आतलं चित्रच तेवढं उरतं. दुसरी, मोठमोठे श्वास. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात आणखी जोरानं ओढला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यानं चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळते. शरीर यालाच नवा धोका समजतं आणि चक्र सुरू.

श्वास लहान घ्या, सोडताना लांबवा. नाकानं ४ आकडे मोजत आत, मग ओठांचा चंबू करून ६ आकडे मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास. ६ पर्यंत दम पुरत नसेल तर ३ आणि ४ पासून सुरुवात करा. ३ ते ५ मिनिटं पुरे. हात पोटावर ठेवा. खांदे वर उचलले जात असतील तर श्वास जास्त ओढला जातोय.

पण आठवण अगदी शिगेला असते तेव्हा श्वास हा पहिला उपाय नव्हे. तेव्हा आधी ‘आत्ता’मध्ये परत यायचं. डोळे उघडे. दोन्ही तळपाय जमिनीवर १० आकडे होईपर्यंत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मग मोठ्यानं बोला, पुटपुटलं तरी चालेल : ‘आज अमुक तारीख. मी अमुक खोलीत आहे. ते अमुक साली घडलं आणि संपलं. आत्ता धडधडतंय ते आठवणीमुळे.’ त्यानंतर तेव्हा नव्हत्या आणि आत्ता आहेत अशा तीन गोष्टी शोधा. हा भाग लोक गाळतात, आणि नेमका तोच तुकड्यांवर तारीख घालतो. आवाज सारखा असेल, पण तेव्हा अंधार होता, आत्ता ऊन आहे. तेव्हा मी एकटा होतो, आत्ता शेजारी मित्र आहे. तेव्हा बूट होते, आज चपला आहेत. क्षुल्लक फरकही चालतो.

५ गोष्टी बघा, ४ स्पर्श करा, ३ आवाज ऐका, २ वास घ्या, १ चव, हा उपाय अनेकांना माहीत असतो. तो बारकाईनं केला तर चालतो. ‘खुर्ची, भिंत, पंखा’ अशी यादी तोंडपाठ म्हटल्यासारखी म्हणून काही होत नाही. ‘खुर्चीच्या डाव्या हातावरचा रंग बोटाएवढा उडालाय’ इतकं जवळून बघावं लागतं.

मन शांत असताना दिवसातून दोनदा, दोन आठवडे हा सराव करा. बुडायला लागल्यावर पोहणं शिकता येत नाही. जवळच्या माणसालाही सांगून ठेवा, की अशा वेळी न विचारता मागून खांद्यावर हात टाकायचा नाही. आणि छातीत दुखणं, चक्कर हे पहिल्यांदाच होत असेल, तर हृदयाची तपासणी आधी करून घ्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीच्या घटनेचं स्वप्न आठवड्यातून ३-४ वेळा पडतं. झोपायचीच भीती वाटते. दोन पेग घेतले की पटकन झोप लागते, पण पहाटे दरदरून घाम फुटून जाग येते.

उत्तर : पहाटेच का, याचं उत्तर त्या दोन पेगांत आहे. दारू रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबते. दारू उतरली की ती झोप उट्टं काढते आणि पहाटे जास्त ठळक स्वप्नं पडतात. मात्र तुम्ही रोज आणि बऱ्याच काळापासून घेत असाल तर एका रात्रीत बंद करू नका. शरीराला सवय लागलेली असेल तर अचानक सोडल्यानं झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची.

दुःस्वप्नांसाठी एक साधा आणि तपासलेला उपाय आहे : जागेपणी स्वप्न बदलून लिहायचं आणि त्या नव्या स्वप्नाची उजळणी करायची. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करायची नाही. मधलं एखादं घ्या. दिवसा, उजेडात बसून ते चार-पाच ओळींत लिहा. मग जिथे ते वळण घेतं, तिथे बदला. समजा स्वप्नात तुम्ही लांब व्हरांड्यात धावताय, मागे पावलं वाजतायत आणि शेवटचं दार उघडत नाही. नव्या स्वप्नात ते दार हात लावताच उघडतं, पलीकडे गच्ची आहे, ऊन आहे, पायाखाली गरम फरशी लागते, मागचा आवाज बंद होतो. तर्काला धरून असलंच पाहिजे असं नाही. तुम्ही उडून गेलात तरी चालेल. वर्तमानकाळात लिहा आणि त्यात वास, स्पर्श, उजेड घाला. मग रोज १० ते २० मिनिटं फक्त नवं स्वप्न मनात चालवायचं. जुनं पुन्हा वाचायचं नाही. फरक पडायला काही आठवडे लागतात.

हा उपाय फसतो तो दोन कारणांनी. लोक ‘आधी जुनं आठवू, मग नवं’ असं करतात आणि उजळणी जुन्याचीच होते. किंवा नव्या स्वप्नात सूड घेतात. स्वप्न तुमचं आहे, मनाई नाही. पण आमचं मत विचाराल तर मारामारीनं संपणारं स्वप्न शरीराला तसंच तापलेलं ठेवतं.

रात्री जाग आली की दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवा, तारीख म्हणा. २० मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा. तुम्ही मोठ्यानं घोरत असाल, घोरताना श्वास अडकतो असं कुणी सांगितलं असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. श्वास अडकण्याचा आजारही दुःस्वप्नं वाढवतो आणि तो बरा केल्यावर ती कमी होऊ शकतात.

प्रश्न : ह्यांच्या डोळ्यांदेखत कामावरचा सहकारी मशीनमध्ये सापडून गेला. दहा दिवस झाले, हे काहीच बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, सगळं बोलून घे, एकदा रडला की मोकळा होईल. मी खोदून विचारू का?

उत्तर : खोदून विचारू नका. सासूबाईंची तळमळ खरी आहे आणि तज्ज्ञांचंही पूर्वी असंच मत होतं. मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच एका बैठकीत लोकांकडून सगळं वदवून घेण्याची पद्धत बरीच वर्षं रूढ होती. तिची नीट तपासणी झाल्यावर दिसलं, की तिच्यामुळे पुढचा आजार टळत नाही. काही जणांना तर जास्त त्रास होतो. आता जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. २०११ मध्ये संघटनेनं आपल्या भागीदारांसह मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत मावतो : बघा, ऐका, जोडून द्या.

बघा, म्हणजे ते जेवतायत का, झोपतायत का, दारू वाढलीय का. ऐका, म्हणजे ते बोलतील तेव्हा टीव्ही बंद करून शेजारी बसा आणि मध्ये बोलू नका. जोडून द्या, म्हणजे कामावरची चौकशी, जबाब, कागदपत्रं यांचा भार एकट्यावर पडू देऊ नका. मदत करेल असं माणूस गाठून द्या. त्या प्रसंगाचे फोटो-व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतील तर ग्रुप म्यूट करून द्या.

‘मी इथेच आहे, बोलावंसं वाटलं तर बोला, नाही बोललात तरी चालेल’ एवढं एकदा म्हणा आणि मग नेहमीसारखी कामं करत राहा. ‘तुमचं नशीब म्हणून वाचलात’ हे वाक्य टाळा. मित्र गेलेल्या माणसाला वाचल्याचाच अपराध वाटत असतो. ‘मनाला लावून घेऊ नका’ हेही नको.

दहाव्या दिवशी गप्प असणं काळजीचं लक्षण नाही. महिना उलटला तरी तसंच असेल तर डॉक्टरांना दाखवा. पण ‘मी कशाला जगलो’, ‘मी नसतो तर बरं’ असं काही निघालं, तर महिन्याची वाट पाहू नका. सरळ विचारा : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं ठेवू नका, औषधं, कीटकनाशकं, दोर, शस्त्रं हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : रात्री पार्किंगमध्ये मला मारहाण करून लुटलं. आता अंधार पडल्यावर बाहेर पडत नाही. भीती मोडायची म्हणून एकदा मन घट्ट करून रात्री तिथेच गेलो. निम्म्यातून पळत आलो. तेव्हापासून भीती दुप्पट झालीय.

उत्तर : तुम्ही पहिली पायरी सोडून गच्चीवर उडी मारलीत. भीती शिगेला असताना पळालात, सुटल्यासारखं वाटलं, आणि मेंदूनं नोंद केली : पळालो म्हणून वाचलो. टाळण्यातून मिळणारा हा दिलासाच भीतीला खाऊ घालतो. तुम्ही तिथेच थांबला असतात तर भीती हळूहळू उतरली असती, पण ते अनुभवायला मिळालं नाही.

कागदावर शिडी काढा. प्रत्येक पायरीला ० ते १०० गुण द्या. ० म्हणजे पूर्ण निवांत, १०० म्हणजे कल्पनेपलीकडची भीती. तुमची शिडी साधारण अशी असू शकते : भर दुपारी मित्राबरोबर त्या पार्किंगच्या फाटकाशी उभं राहणं, ३५. दुपारी एकट्यानं आत जाऊन बसणं, ५०. दिवेलागणीला घराजवळच्या रस्त्यावर एकट्यानं चालणं, ५५. रात्री दुसऱ्या, गजबजलेल्या पार्किंगमध्ये, ७०. रात्री त्याच पार्किंगमध्ये, लोकांची ये-जा असताना, ८५. सुरुवात ३०-४० गुणांच्या पायरीपासून. तिथे ३० ते ४५ मिनिटं किंवा गुण निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. दर ५ मिनिटांनी आकडा लिहायचा. रोज किंवा दिवसाआड तीच पायरी. ती कंटाळवाणी वाटू लागली की पुढची. कंटाळा येणं ही इथे चांगली खूण आहे.

काही जण सगळं नियमानं करतात, तरी भीती हटत नाही. कारण पूर्ण वेळ फोन कानाला असतो, मुठीत किल्ली धरलेली असते, पाठ भिंतीला असते. मग मेंदू श्रेय किल्लीला देतो. सुरुवातीला अशी कुबडी चालेल, पण तीच पायरी पुन्हा तिच्याविना करा.

जागा खरोखर धोक्याची असेल तर ती शिडीत घ्यायची नाही. सुनसान, दिवे नसलेल्या जागी मध्यरात्री जाणं हा उपचार नव्हे. आणि मारहाण घरातच होत असेल, अजून चालू असेल, त्यांच्यासाठी हे उत्तर नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, बाकी सगळं नंतर. ८० च्या वरच्या पायऱ्या थेरपिस्टच्या मदतीनं करणं शहाणपणाचं.

प्रश्न : माझ्यावर अत्याचार झाला तेव्हा मी ओरडले नाही. हातपाय हलेचनात. ओळखीची एक बाई म्हणाली, प्रतिकार नाही म्हणजे काहीतरी चाललं असणार. मीही रात्रंदिवस हाच विचार करते. मी का ओरडले नाही?

उत्तर : तुम्ही ओरडायचं नाही असं ठरवलं नव्हतं. धोक्यात शरीर लढतं किंवा पळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तिसरा प्रकार कमी बोलला जातो : दोन्ही वाटा बंद दिसल्या की शरीर थिजतं. आवाज फुटत नाही, हातपाय जड होतात, काही जणींना आपण दूर उभं राहून हे पाहतोय असं वाटतं. प्राण्यांतही हे दिसतं. हे इच्छेनं होत नाही आणि इच्छेनं थांबवता येत नाही. थिजणं म्हणजे संमती नव्हे. त्या बाईंचं वाक्य अज्ञानातून आलेलं आहे. ते तुमच्या डोक्यात राहायला देऊ नका.

‘मी ओरडले असते तर हे झालं नसतं’ हे वाक्य कागदावर लिहा आणि खाली उत्तरं लिहा. त्या क्षणी, त्या सेकंदाला, मला काय माहीत होतं? (आज माहीत आहे ते नव्हे.) ओरडल्यावर दुसरं काय काय होऊ शकलं असतं? माझ्या बहिणीनं हेच सांगितलं असतं तर मी तिला काय म्हटलं असतं? मग एक वर्तुळ काढा. घडलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाकुणाची, त्याचे भाग पाडा. करणाऱ्याचा भाग आधी, मग त्याला पाठीशी घालणाऱ्यांचा. स्वतःचा भाग सगळ्यात शेवटी काढायचा. आधी स्वतःचा काढला की तोच वर्तुळभर पसरतो, म्हणून हा क्रम. अशा ‘अडकलेल्या’ वाक्यांवर काम करणारी १२ सेशनची एक ठरलेली थेरपी आहे. पुढे तिचा उल्लेख येईल.

त्या माणसाला क्षमा केल्याशिवाय बरं होता येत नाही, असंही कुणी सांगेल. क्षमा ही उपचाराची अट नाही. तक्रार करायची की नाही, कुणाला सांगायचं, हा निर्णय तुमचा. कुणाच्याही घाईनं घेऊ नका. पण घटना अलीकडची असेल तर वैद्यकीय तपासणी मात्र तातडीनं करा, कारण संसर्ग आणि गर्भधारणा टाळण्याची औषधं पहिल्या ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली.

प्रश्न : मला लहानपणचं फारसं आठवत नाही. इंटरनेटवर वाचलं, की याचा अर्थ काहीतरी भयंकर घडलंय आणि मनानं ते दडवलंय. संमोहनानं बाहेर काढता येईल का?

उत्तर : असं करू नका. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ कुणालाच आठवत नाही आणि त्यानंतरचंही विरळच आठवतं. न आठवणं हा कशाचाही पुरावा नव्हे. संमोहनात आठवणी जितक्या सापडतात तितक्या तयारही होतात आणि खऱ्या-खोट्यातला फरक ती सांगणाऱ्यालाही कळत नाही. आज तुम्हाला जो त्रास आहे, झोप, राग, नाती, त्यावर उपचार करायला जुना प्रसंग सापडावाच लागतो असं नाही.

प्रश्न : सहा महिने दर आठवड्याला समुपदेशनाला जाते. मन हलकं होतं, दोन दिवसांनी परत तेच. उपचार चालू आहेत की नुसत्या गप्पा, हे कसं ओळखावं? गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : मोजून ओळखावं. पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी आहे, गुण ० ते ८०. साधारण ३१-३३ च्या वर गुण असतील तर पीटीएसडीची नीट तपासणी करावी, असा संकेत. सुरुवातीला आणि मग दर ३-४ आठवड्यांनी ती भरा. गुण निदान १० नं उतरले तर खरोखर फरक पडतोय असं धरतात. सहा महिन्यांत आकडा जागचा हलला नसेल, तर थेरपिस्टशी मोकळेपणानं बोला.

धीर देणारं बोलणं आणि आघातावर नेमकं काम करणारी थेरपी यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात तीन पद्धतींना चांगला पुरावा आहे. एडना फोआ यांच्या पद्धतीत (८ ते १५ सेशन, प्रत्येक सुमारे ९० मिनिटांचं) प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं आणि वर सांगितली तशी शिडी चढायची. पॅट्रिशिया रेसिक यांच्या १२ सेशनच्या पद्धतीत अपराधी भावना, विश्वास, सुरक्षितता यांबद्दलची अडकलेली वाक्यं तपासायची. तिसरी ईएमडीआर : फ्रॅन्सिन शपिरो यांनी तिचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रसंग मनात धरून थेरपिस्टच्या बोटांबरोबर डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. गुण येतो, डोळे फिरवण्याचा त्यात वाटा किती, यावर अजून वाद आहे.

थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा : कोणती पद्धत वापरता, प्रशिक्षण कुठे घेतलंत, किती सेशन लागतील, प्रगती कशी मोजता? या प्रश्नांचा राग येणारा माणूस टाळा. पहिल्या भेटीतच सगळं सांगायला लावणारा, बरं होण्याची हमी देणारा, सेशनच्या बाहेर जवळीक साधणारा, हेही टाळा. उलट, प्रसंगावर थेट काम सुरू झालं की पहिल्या काही सेशननंतर स्वप्नं आणि बेचैनी थोडी वाढू शकते. नेमकं तिथेच अनेक जण सोडतात. हे होणार, असं थेरपिस्टनं आधी सांगितलेलं असावं.

गोळ्यांमध्ये सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन यांचा पीटीएसडीत उपयोग होतो. परिणाम जाणवायला ४ ते ६ आठवडे लागतात. आठवडाभरात ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून अचानकही नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी तासाभरात शांत वाटतं, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. पण पीटीएसडीसाठी त्या देऊ नयेत असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सवय लागते, आणि ‘थांबलो तरी भीती उतरते’ हे शिकायला जी जाग लागते, तीच त्या मंद करतात. आधीपासून घेत असाल तर डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.

प्रश्न : थेरपी पूर्ण करून दीड वर्ष झालं, छान चाललंय. पण घटना घडली तो महिना आला की पुन्हा झोप उडते, चिडचिड होते. सगळं मुळापासून परत सुरू झालं का?

उत्तर : नाही, हे वार्षिक आहे. हवेतला बदल, उन्हाची तिरीप, त्या दिवसांतले आवाज हे सगळे जुने तुकडेच आहेत आणि तारीख लक्षात यायच्या आधी शरीराला त्यांची चाहूल लागते. म्हणून त्रास बऱ्याचदा तारखेच्या आधीच सुरू होतो आणि कारण कळत नाही.

कॅलेंडरवर त्या तारखेच्या दहा दिवस आधी पेन्सिलीनं छोटी खूण करून ठेवा. खूण दिसली की घरातल्या एका माणसाला सांगा : ‘पुढचे दहा-बारा दिवस मी जरा चिडकी असेन, कारण हे आहे.’ त्या आठवड्यात मोठे निर्णय, जागरणं, लांबचे प्रवास ठेवू नका. श्वासाचा आणि ‘तेव्हा-आत्ता’चा सराव दिवसातून दोनदा पुन्हा सुरू करा. प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं हे आदल्या दिवशीच ठरवा; रिकामा दिवस जास्त जड जातो. तारीख उलटून दोन आठवडे झाले तरी झोप रुळावर आली नाही, तर जुन्या थेरपिस्टकडे एक-दोन सेशन घ्या. त्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.